जुन्या फोनांतील ठेव

राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, समोर आगरदांडा आणि खाडीच्या मुखाशीं जंजिऱ्याचे बुरूज, अशा जागीं श्रीवर्धन तालुक्यांतील दिघी हें गांव वसलें आहे. आगरदांड्याहून मोटारी घेऊन येणारी फेरीबोट येथें लागते. उतारू उतरतात आणि बोर्लीपंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन अशा वाटांनीं पांगतात. अलीकडे गांवाजवळ मोठें व्यापारी बंदर झालें आहे. तथापि मासळी, नारळी-सुपारीच्या वाड्या आणि मुंबईस किंवा आखातांत नोकरीस गेलेल्या मुलांकडून येणारा पैसा, यांवर चालणारीं घरें या किनाऱ्यावर अद्यापि पुष्कळ आहेत.

अशाच एका घराची कल्पना करावी. ता. ३ जून २०२० रोजीं दुपारीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. ताशीं ११० ते १२० किलोमीटर वेगाचा वारा कांहीं तास घोंगावत होता. श्रीवर्धन, म्हसळा आणि मुरूड या तालुक्यांतील घरांचीं कौलें व पत्रे उडून गेले, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले, आणि पिढ्यान् पिढ्यांनीं जोपासलेल्या वाड्या एका दुपारींत निजल्या. सुपारीचें झाड लावल्यापासून फळास येईपर्यंत पांच-सात वर्षें सहज जातात. त्यामुळें ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांचें नुकसान केवळ त्या हंगामापुरतें नव्हतें. या घरांतील आजोबा वादळापूर्वींच निवर्तले होते. त्यांनीं लावलेली वाडीही गेली. राहिला तो पत्र्याच्या डब्यांत, जुन्या पावत्यांच्या तळाशीं पडलेला त्यांचा फोन. त्याच्यांत वाडीचीं चार-सहा छायाचित्रें आहेत, आखातांतल्या मुलास पाठविण्यासाठीं बोलून ठेवलेला त्यांचा आवाज आहे, आणि गांवोगांवच्या आप्तांचे क्रमांक आहेत. गणपतीस मुंबईहून आलेली नात आपला संगणक उघडते, कोठून तरी मिळविलेली केबल फोनास जोडते आणि दुसरें टोंक संगणकांत खुपसते. संगणक एक बारीकसा स्वर काढतो आणि कोपऱ्यांत अक्षरें उमटतात, कीं जोडलेलें उपकरण ओळखतां आलें नाहीं.

येथें बहुतेक घरांत एकच निकाल दिला जातो: फोन गेला. हा निकाल पुष्कळदां चुकीचा असतो. फोनांतली ठेव जागच्या जागीं असते. अडलेलें असतें तें भाषेवाचून. हें अडणें म्हणजे नेमकें काय, तें समजलें तर दहांपैकीं कित्येक फोन बोलते करतां येतात, निदान कोणता बोलणार नाहीं हें तरी खात्रीनें कळतें.

तीस वर्षांपूर्वीं संगणकाच्या पाठीमागें निरनिराळ्या आकारांचीं अनेक छिद्रें असत. छापण्याच्या यंत्रास एक, कळफलकास दुसरें, मोडेमला तिसरें. प्रत्येक नवें उपकरण जोडावयाचें म्हणजे पेटी उघडा, संगणक बंद करून पुन्हां चालूं करा, असा सारा खटाटोप होता. हा गुंता सोडविण्यासाठीं कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्यें यूएसबी या जोडणीची पहिली नियमावली प्रसिद्ध झाली. इंटेलमध्यें हें काम करणाऱ्या मंडळींचे अग्रणी अजय भट्ट हे बडोद्याचे. तेथील महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचे पदवीधर. मराठी श्रोत्यांस बडोदें परकें नाहीं, म्हणून हा उल्लेख. या जोडणीचा खटका नेहमीं पहिल्या खेपेस उलटाच बसतो अशी जगभर तक्रार आहे. दोन्हीं बाजूंनीं बसणारा खटका केला असता तर खर्च वाढला असता, असा खुलासा भट्ट यांनीं स्वतःच केलेला आहे. पहिल्या नियमावलीचा वेग सेकंदास १२ मेगाबिट होता. एप्रिल २००० मधील दुसऱ्या नियमावलीनें तो ४८० वर नेला.

साध्या यूएसबी केबलच्या पोटांत चार तारा असतात. लाल तारेनें पांच व्होल्टांची वीज येते, काळी परतीची, आणि पांढरी व हिरवी या दोन तारांनीं संभाषण चालतें. फोन जोडला कीं तो या दोन तारांपैकीं एकीवर किंचित् दाब देऊन आपण आल्याची वर्दी देतो. पुढचा प्रकार बंदरांत गलबत शिरावें तसा आहे. धक्क्यावरील अधिकारी प्रथम आलेल्यास थांबवितो, मग त्यास एक क्रमांक देतो. हे क्रमांक एक ते एकशें सत्तावीस इतकेच असतात. त्यानंतर तो विचारतो, कोणत्या घराण्याचें गलबत, नांव काय, आंत माल काय. उत्तरादाखल फोन दोन सांकेतिक अंक देतो. पहिला बनविणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या विशिष्ट नमुन्याचा. नोकियाच्या फोनाचा पहिला अंक ०४२१ असा असतो, सॅमसंगचा ०४ई८ असा. यांतील ई हें अक्षर नव्हे, सोळांच्या पटींत मोजणाऱ्या गणितांतला चौदाचा अंक आहे. या साऱ्या व्यवहारांत फोन आपण होऊन एक शब्दही बोलत नाहीं. विचारलें तर उत्तर द्यावयाचें, नाहीं तर गप्प बसावयाचें, हा यूएसबीचा कडक शिष्टाचार आहे. जुन्या घरांतील मुलांस असाच शिकवीत.

इतकें होईपर्यंत कोणतीही अडचण येत नाहीं, कारण ही प्रारंभींची प्रश्नोत्तरें सर्व यंत्रांस समान आहेत. अडचण येते ती पुढें. गलबत कोणाचें तें कळलें. आतां त्याच्याशीं बोलावयाचें कोणत्या भाषेंत? येथें ड्रायव्हर लागतो. हा शब्द आपल्याकडे एस्. टी. च्या चाकामागें बसणाऱ्या गृहस्थामुळें इतका रूढ झाला आहे कीं, संगणकांतला ड्रायव्हर हा कोणास चालवीत नाहीं, हें मुद्दाम सांगावें लागतें. तो दुभाषी आहे. सन १६७४ मध्यें शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हां त्याच्यासमवेत नारायण शेणवी हा दुभाषी होता. वकिलाजवळ कागद होते, नजराणे होते, अधिकारही होता. परंतु दुभाष्यावांचून दरबारांत त्याचें म्हणणें पोंचलें नसतें. संगणकांतील ड्रायव्हर ही अशीच एक छोटी आज्ञावली असते. संगणकाची मागणी ती फोनाच्या बोलींत सांगते आणि फोनाचें उत्तर संगणकाच्या बोलींत आणते. विंडोजमध्यें तिच्यासोबत एक लहानशी यादी येते. अमुक घराणें आणि अमुक नमुना आला तर अमुक दुभाषी बोलवावा, इतकेंच त्या यादींत लिहिलेलें असतें. फोनानें सांगितलेले अंक या यादींत न सांपडले, कीं संगणक ओळख नाकारतो.

कोणी विचारील, मग पेन ड्राइव्ह जोडल्याबरोबर कसा उघडतो? त्याचें कारण यूएसबीच्या कर्त्यांनीं कांहीं बोली सर्वांसाठीं ठरवून दिल्या. कळफलक व माऊस यांची एक, सांठवणुकीच्या साधनांची एक, कॅमेऱ्यांची एक. या बोलींचे दुभाषी विंडोजच्या घरचेच नोकर आहेत. ते बाहेरून आणावे लागत नाहींत. पहिल्या दहा-पंधरा वर्षांत मोबाइल बनविणाऱ्या कंपन्यांनीं मात्र बहुधा आपापली खाजगी बोली वापरली. भारतांत पहिला मोबाइल संवाद ता. ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्यें झाला, म्हणजे यूएसबीच्या जन्माच्या सहा महिने आधीं. त्या पिढीच्या फोनांस यूएसबीची गरजच वाटली नव्हती. पुढें २००२ पासून नोकियानें पॉप-पोर्ट नांवाचें तळाशीं बसणारें एक रुंद जोडस्थान काढलें. आपल्या अनेक घरांच्या डब्यांतून जे फोन निघतात ते या सुमाराचे असतात.

त्यांतला एक बारकावा जाणण्याजोगा आहे, कारण बहुसंख्य निराशा त्यांतूनच उद्भवते. सीए-४२ या नांवानें विकल्या जाणाऱ्या केबलच्या एका टोंकास जी जाडसर गांठ दिसते, तिच्या पोटांत एक चिप असते. फोन बोलतो जुन्या सीरियल पद्धतीनें, संगणकास हवी असते यूएसबी, आणि मध्यें ही चिप भाषांतर करते. म्हणजे संगणकास जें दिसतें तो फोन नव्हे, केबल. फोन न लावतां नुसती केबल खुपसली तरी संगणक तोच स्वर काढील. अर्थात् ड्रायव्हरही दोन लागतात, एक केबलच्या चिपेचा आणि दुसरा फोनाचा. बाजारांत ज्या स्वस्त केबली मिळत त्यांत पुष्कळदां तैवानच्या प्रोलिफिक कंपनीची पीएल-२३०३ ही चिप, किंवा तिची नक्कल, असे. नकलांचा सुळसुळाट झाल्यावर कंपनीनें नवे ड्रायव्हर असे केले कीं जुन्या व नकली चिपा पाहतांच ते काम नाकारावे. त्यामुळें २००७ मध्यें जी केबल सुरळीत चाले तीच आजच्या संगणकावर मुकी ठरते, आणि दोष विनाकारण आजोबांच्या फोनावर येतो.

दुसरें कारण संगणकाच्या बाजूचें. जुन्या फोनांचे ड्रायव्हर लिहिले गेले तेव्हां घरोघरीं ३२ बिटांची विंडोज होती. आतां ६४ बिटांची आहे. २०२१ साली आलेली अकरावी विंडोज तर ६४ बिटांतच मिळते. ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजमध्यें चालत नाहीं, आणि त्यावर कोणतीही युक्ति नाहीं. शिवाय विंडोज व्हिस्टाच्या ६४ बिटी आवृत्तीपासून असा नियम झाला कीं, ड्रायव्हरवर त्याच्या कर्त्याची अंकीय सही असलीच पाहिजे. सही नसलेल्या दुभाष्यास दरबारांत प्रवेश नाहीं. नियम योग्य आहे. ड्रायव्हर संगणकाच्या अगदीं गाभ्यांत जाऊन बसतो, आणि तेथें तोतया शिरला तर घरांतली एकही गोष्ट गुप्त राहत नाहीं. परंतु जुन्या ड्रायव्हरवर नव्यानें सही करावयास आतां कोणी उरलेलें नसतें. नोकियानें आपला फोनांचा धंदा एप्रिल २०१४ मध्यें मायक्रोसॉफ्टला दिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तामिळनाडूंतील श्रीपेरुंबुदूरचा कारखानाही बंद पडला. यंत्रें डब्यांत राहिलीं आणि त्यांचे दुभाषी निवृत्त झाले.

आतां नातीनें काय करावें? प्रथम ड्रायव्हरचा विचार मुळींच करूं नये, बॅटरीकडे पाहावें. ती फुगलेली असेल तर फोन जोडूं नये, बॅटरी दाबूं अगर टोंचूं नये, बाहेर काढून बाजूस ठेवावी. सुदैवाची गोष्ट अशी कीं, नोकियाची बीएल-५सी ही बॅटरी जगभर इतकी पसरली कीं आजही लहान रेडिओंत ती वापरली जाते, आणि म्हणून ती मिळण्यास अडचण पडत नाहीं. याच बॅटरीच्या एका उत्पादकाचे ४ कोटी ६० लाख नग सदोष असण्याचा संभव म्हणून ऑगस्ट २००७ मध्यें बदलून देण्याचें जाहीर झालें होतें. त्या दिवसांत लोक बॅटरीवरचे क्रमांक तपासत बसलेले पुष्कळांस आठवत असतील. पॉप-पोर्टच्या काळच्या अनेक फोनांस केबलमधून वीज मिळत नाहीं, यास्तव बॅटरी भरलेली असणें आवश्यक. कित्येक फोन सिमकार्डावांचून पुरते उघडतही नाहींत. मूळ सिम सांपडल्यास तेंच घालावें, कारण परकें सिम दिसतांच कांहीं फोन आलेल्या-गेलेल्या कॉलांची नोंद पुसून टाकतात.

त्यानंतर केबल. जुन्या अँड्रॉइड फोनांच्या बाबतींत तर सर्वांत मोठा अपराधी हीच. घरांतल्या दहा केबलींपैकीं चार-पांच केवळ वीज भरण्याच्या असतात. त्यांच्यांत लाल आणि काळी या दोनच तारा असतात, बोलण्याच्या तारा मुळांतच नसतात. अशा केबलनें फोनाचें चित्र हिरवें होऊन बॅटरी भरूं लागते, माणसास वाटतें जोडणी झाली, आणि संगणक मात्र अवाक्षर काढीत नाहीं. स्वर आला पण ओळख पटली नाहीं, तर ड्रायव्हरचा प्रश्न. स्वरच आला नाहीं, तर केबलचा किंवा जोडस्थानाचा. एवढा भेद ध्यानीं ठेवला तरी अर्धा दिवस वांचतो. दिघीसारख्या गांवीं आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे खारी हवा. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो. मऊ ब्रश आणि औषधाच्या दुकानांतील आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनीं तो हळूच काढावा, वाळूं द्यावें आणि मगच जोडावें. टांचणीनें खरवडण्याचा मोह टाळावा.

मग संगणकांतील डिव्हाइस मॅनेजर उघडावा. तेथें जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी असते, आणि ज्याचें अडलें त्याच्यापुढें पिवळी खूण असते. त्या नांवावर जाऊन गुणधर्म पाहिले कीं एक संकेतांक सांपडतो. २८ म्हणजे दुभाषीच नाहीं. १० म्हणजे दुभाषी आहे, पण उपकरण सुरू होत नाहीं. नकली चिपेच्या केबलीवर बहुधा हाच येतो, आणि त्याच ठिकाणीं ड्रायव्हरची पूर्वींची आवृत्ति निवडली असतां पुष्कळदां काम भागतें. ४३ म्हणजे उपकरणानेंच हात टेकले. येथें केबल व जोडस्थान पुन्हां तपासावें. तपशिलाच्या भागांत तो घराण्याचा आणि नमुन्याचा अंकही मिळतो, आणि त्यावरून फोन बोलतो आहे कीं केबल, याचा उलगडा होतो. ०४२१ दिसलें तर तें नोकियाचें घराणें. भलतेंच दिसलें तर तो मधला दलाल.

ड्रायव्हर कोठून आणावा, हा खरा नाजूक प्रश्न. फोनाबरोबर आलेली तबकडी घरांत असेल तर तिच्यासारखें दुसरें साधन नाहीं, म्हणून रद्दी काढतांना चकचकीत तबकड्या फेंकूं नयेत. तबकडी नसेल तर कंपनीचें अधिकृत स्थळ पाहावें. तेथेंही नसेल तर शोधतां शोधतां अशीं अनेक स्थळें पुढें येतात, जीं जगांतील प्रत्येक ड्रायव्हर फुकट देण्याचें वचन देतात. यांतील पुष्कळांत ड्रायव्हरच्या जोडीला चोर असतो. जुन्या छायाचित्रांसाठीं बँकेचे परवलीचे शब्द गमावण्याचा सौदा कोणी करूं नये.

जुन्या अँड्रॉइडचा प्रकार निराळा आहे. त्याच्या आरंभींच्या आवृत्त्या जोडल्यावर फोनाच्या पडद्यावर एक कळ दाबावी लागे. ती दाबली कीं फोन आपलें कार्ड संगणकाच्या स्वाधीन करी आणि तें पेन ड्राइव्हासारखें उघडे. तोंपर्यंत फोनास स्वतःला तीं छायाचित्रें दिसत नसत, कारण एकाच दप्तरावर दोन कारकून एकाच वेळीं लिहूं लागले तर दप्तराचा विचका होतो. पुढील आवृत्त्यांनीं एमटीपी ही पद्धति उचलली. हिच्यांत दप्तर फोनाच्याच ताब्यांत राहतें आणि संगणक एकेक कागद मागून घेतो. हिचा दुभाषी विंडोजच्या घरचाच आहे. तरीही छायाचित्रें दिसत नसतील तर नव्वद टक्के वेळां फोनाचा पडदा कुलूपबंद असतो, किंवा "केवळ वीज भरणें" हा पर्याय निवडलेला असतो. पडदा फुटला आहे आणि कुलूप उघडतां येत नाहीं, अशा फोनापुढें मात्र चांगला ड्रायव्हरही निरुपाय आहे.

ड्रायव्हरावांचून होणारे मार्गही आहेत, आणि शहाण्यानें ते आधीं करून पाहावे. छायाचित्रें कार्डावर असतील तर कार्ड काढून वाचनयंत्रांत घालावें. काम दोन मिनिटांचें. फोनांत ब्लूटूथ असेल तर एकेक वस्तु संगणकाकडे पाठवितां येते. वेग गोगलगाईचा, परंतु चार छायाचित्रें आणि एक आवाज यांस किती वेळ लागणार! हें कांहींच नसेल तर एखाद्याच्या माळ्यावर पडलेला विंडोज एक्स्पीचा संगणक उतरवावा. त्याची देखभाल मायक्रोसॉफ्टनें ता. ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबविली, तेव्हां त्यास इंटरनेट बिलकूल जोडूं नये. पण ३२ बिटांचा जुना ड्रायव्हर आणि नोकिया पीसी सूट यांच्यासाठीं तेंच माहेर. अथवा लिनक्स वापरावें. तें पेन ड्राइव्हवरून चालवितां येतें, संगणकांत कांहीं बदलावें लागत नाहीं, आणि पीएल-२३०३ चा ड्रायव्हर त्याच्या गाभ्यांतच आहे. जगभरच्या हौशी लोकांनीं लिहिलेली गामू नांवाची आज्ञावली तेथें मिळते. ती अनेक जुन्या फोनांतील क्रमांक व संदेश वाचते.

क्रमांकांच्या यादीची हकीकत मोठी मौजेची आहे. कित्येक फोन संगणकास जोडल्यावर स्वतःस मोडेम म्हणवितात. १९८१ मध्यें अमेरिकेंतील हेज कंपनीनें आपल्या मोडेमसाठीं एटी या दोन अक्षरांनीं सुरू होणाऱ्या आज्ञा ठरविल्या होत्या; एटी म्हणजे "लक्ष द्या". मोबाइलच्या कर्त्यांनीं त्याच आज्ञांत भर घातली, आणि त्यांतील एका आज्ञेनें फोनांतील नांवें व क्रमांक ओळीनें वाचून दाखविले जातात. म्हणजे दिघीच्या घरांतील मावशीचा क्रमांक बाहेर काढावयास चाळीस वर्षांपूर्वींच्या मोडेमची बोली उपयोगी पडते. नांवें देवनागरींत लिहिलेलीं असतील तर थोडी सावधगिरी हवी. त्या फोनांत रोमन लिपीचा संदेश १६० अक्षरांचा मावे आणि देवनागरीचा ७० चाच, कारण आपल्या प्रत्येक चिन्हास दोन बाइटांची जागा लागे. बाहेर काढलेली यादी संगणकावर भलत्या सांकेतिक पद्धतीनें उघडली तर मावशीच्या जागीं प्रश्नचिन्हांची रांग दिसते. तेवढ्यावरून यादी बिघडली असें समजून ती पुसूं नये. यूटीएफ-८ ही पद्धति निवडून पुन्हां उघडावी.

याहून मोठा धोका एका निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दांत आहे. फोन जोडला जातांच कंपनीची आज्ञावली विचारते, दोन्हीं यादींचा मेळ घालूं काय? मेळ घालणें म्हणजे दोन्हींकडे सारखें करणें. संगणकाकडील यादी रिकामी असेल आणि चुकून तिकडूनच मेळ घातला गेला, तर वीस वर्षें जपलेली यादी क्षणांत रिकामी होऊं शकते. म्हणून पहिल्या दिवशीं मेळ नको. नक्कल करणें, अथवा बॅकप हाच पर्याय निवडावा, आणि नक्कल हातीं पडेपर्यंत फोनांतलें कांहींही पुसूं नये.

आवाज बहुधा एएमआर या प्रकारांत असतो. मनुष्याच्या बोलण्यासाठींच ही पद्धति घडविलेली असल्यामुळें एका मिनिटाचें बोलणें शंभर किलोबाइटांच्या आंत बसतें. संगीत तिच्यांत चांगलें उमटत नाहीं. आजोबा बोलतांना मागें वाजणारा रेडिओ पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा ऐकूं येईल. व्हीएलसी नांवाच्या मोफत आज्ञावलींत हा आवाज ऐकतां येतो. दुसऱ्या प्रकारांत बदलून घ्यावयाचा असेल तर बदलावा, परंतु मूळ प्रत तशीच ठेवावी, कारण प्रत्येक बदलांत थोडेंसें हरवतें. नक्कल दोन ठिकाणीं हवी आणि त्यांतलें एक ठिकाण दिघीबाहेरचें हवें, ता. ३ जूनच्या वाऱ्यानें घरांतलें कपाट आणि कपाटावरचा डबा यांत भेद केला नव्हता.

नातीच्या संगणकावर अखेर छायाचित्रें उघडतात. ६४० रुंद आणि ४८० उंच, म्हणजे सारे मिळून तीन लक्ष सात हजार दोनशें ठिपके. आजच्या कोणत्याही फोनांत याच्या कित्येक पट असतात. मोठें करूं जातां पानें चौकोनी दिसूं लागतात. तरी विहिरीपासून कुंपणापर्यंत गेलेली सुपारीची ओळ स्पष्ट आहे, आणि ती बोट ठेवून मोजतां येते. नवीं रोपें आणतांना विहिरीच्या बाजूस किती झाडें होतीं, यावरून घरांत दोन मतें होतीं. चित्रांत अकरा दिसतात. बारावें, आई म्हणते, आजोबांच्या पाठीमागें आहे.